काळ्या पाटीची गाडी

पणजीला भाड्याने घेतली दोन दिवसांसाठी.
काळी पाटी, पिवळे आकडे, म्हणजे पाहुणा.
पपा पुढच्या सीटवर अंग चोरून बसले,
काच वर करून.
‘कोणी बघितलं तर म्हणेल
झिलू गावस आपल्याच गावात टुरिस्ट होऊन आला.’

आमोण्याचा पूल ओलांडला आणि त्यांचे पाय जागे झाले.
त्यांच्या बाजूला क्लच नाही, तरी पाय दाबतो,
हात मांडीवर गिअर बदलतो.
‘इथे तिसरा. आता दुसरा. हळू गो, पुढे खड्डा.’
खड्डा नव्हता. बुजवून वर्षं झाली.
तरी मी गाडी बाजूने घेतली.

एकोणीस वर्षं टिपर,
पिसुर्ले ते जेटी, दिवसाला सात खेपा.
रस्त्याकडेची आंब्याची पानं लाल, गायी लाल,
माझ्या शाळेच्या रिबिनी पांढऱ्या होत्या म्हणे.
मला विटकरी आठवतात.

खाणीच्या गेटला साखळी, साखळीला कुलूप,
कुलपाशेजारी माणूस जाईल एवढं भगदाड.
आत डोंगर उलटा करून ठेवलेला:
पायऱ्या, एकीखाली एक, तांबड्या, जांभळ्या, हळदीच्या,
तळाला पाणी,
इतकं हिरवं की खोटं वाटावं.
सावली नाही. पाखरू नाही.
उन्हात नुसता दगडाचा तडकण्याचा आवाज.
फोटो पुण्याला ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.
‘अय्या, तू तर गोव्याला जाणार होतीस ना?
हे कुठलं वाळवंट?’
पपांना वाचून दाखवलं. ते ऐकत नव्हते, मोजत होते.
‘पायऱ्या नव्हेत त्या, बेंच. सहावा माझ्या वेळचा.
आणि ते तिथे,’ पाण्याच्या खूप वर, हवेत बोट धरून,
‘तिथे माझ्या आत्याचं कुळागर.’
बोट बराच वेळ तिथेच राहिलं,
जणू खाली घेतलं तर सुपाऱ्या पडतील.

होंड्याला पोलिसाने शिट्टी मारली.
पाटी बघून हिंदीत विचारलं, कुठून आलात?
मी कागद शोधत होते.
पपा म्हणाले, ‘खाणीतून.’
पोलिसाने पपांच्या नखांकडे बघितलं की काय कोण जाणे,
कागद न बघताच हात हलवला.

वाळपईच्या पुढे रस्ता चढू लागला
आणि त्यांनी पहिल्यांदा काच खाली केली.
वास आला आधी, भाटी नंतर.
लखू माजिक गुडघ्यापर्यंत रस घेऊन
कोळंबीत बोंडू तुडवत होता, थांबला नाही.
‘बऱ्याच वर्षांनी वाट चुकलास रे.’
‘वाट हीच घेतली. गाडी पोरीने चालवली.’
इतकंच बोलणं. मग नारळाच्या करवंटीतून हुर्राक,
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची,
आणि मला, चालकाला, नुसता नीरो.
भाण खदखदत होतं. जाळ कमी कर,
जाळ वाढव, यावर दोघे तासभर भांडले.
पपांनी रुमालाने तोंड पुसलं
आणि सवयीने उघडून बघितलं.
काही नव्हतं त्यावर. फक्त घाम.
घडी घालून खिशात ठेवला,
परत काढला, परत बघितला.

पणजीत गाडी परत करताना
काउंटरवरच्या पोराने दारावरून बोट फिरवलं.
‘मॅडम, ही वाळू नाही. धुलाई वेगळी पडेल.’
मी पाकीट काढलं.
त्याने डिकी उघडली, आणि तिथेच उभा राहिला.
पाण्याच्या बाटलीत भरलेली हुर्राक
घाटात बुचातून थोडी झिरपली होती.
पोराने डोळे मिटून श्वास घेतला,
मॅडमला विसरला, पपांकडे वळला:
‘बाबा, वाळपईची?’

‘ठाण्याची,’ पपा म्हणाले.
‘वाळपईला असा जाळ कोण घालतो?’